बारा खणांची गाडी

गाडीच्या डिकीत कपाट करून घ्यायचं बाबाजी मांदाडकरांच्या डोक्यात आलं ते विहीणबाईंच्या एका फोनमुळे, आणि पुढे जे जे झालं त्याचा दोष बाबाजी आजही त्या फोनलाच देतात. त्यांची एकुलती एक मुलगी क्रांती डोंबिवलीला दिलेली. तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे तळा गावाला, यात बाबाजींना आणि त्यांच्या पत्नी तुळशीबाईंना चर्चा करण्यासारखं काही वाटत नव्हतं. विहीणबाईंना वाटत होतं. हाकेच्या अंतरावर तीन दवाखाने असताना पोरीला त्या हायवेवरून पाच तास हलवत न्यायची गरज काय, असं त्यांचं म्हणणं. शेवटी क्रांतीनेच हट्ट धरला, तेव्हा विहीणबाई स्वतः फोनवर आल्या.

"न्या," त्या म्हणाल्या. "पण गाडीत वास नको, धक्के नकोत आणि सामानाची गर्दी नको. तिला पाय पसरून झोपता आलं पाहिजे. यातलं एक जरी बिनसलं तरी मी तिला खाली उतरवून घेईन."

वास आणि धक्के ही पुढची गोष्ट, पण गर्दी हा शब्द बाबाजींना लागला. लागला, कारण तो खरा होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुरुडच्या एका आखातातून परतलेल्या गृहस्थांची वापरलेली गाडी घेतली होती. पांढरी, सात आसनी, आणि एवढी थोरली की तळ्याच्या बाजारपेठेतून निघाली की समोरचा रिक्षावाला आपणहून मागे जायचा. पण त्या गाडीत सात माणसं कधी बसलीच नाहीत. तळ्याहून गाडी मुंबईकडे निघाली की ती त्या घरची राहत नाही, आळीची होते. कुणाच्या मुलाला तांदूळ, कुणाच्या नातीला कडवे वाल, कुणाच्या भावाला कोकमाची सोलं. नाही म्हणायची रीत नाही. बरं, तिकडची माणसंही वानवळ्याचं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत, त्यामुळे येतानाही गाडी भरलेलीच. मागच्या दिवाळीत तर तुळशीबाई पनवेलपासून घरापर्यंत मांडीवर दुसऱ्याचा पाटा घेऊन बसल्या होत्या.

आता बाबाजी म्हणजे चौतीस वर्षं हायस्कूलच्या प्रयोगशाळेत साहाय्यक. आळी त्यांना मास्तर म्हणते, आणि हा गैरसमज दूर करण्याची घाई त्यांनी कधी केलेली नाही. त्यांच्या प्रयोगशाळेत आम्लं वरच्या फळीवर, अल्कली खालच्या, नळ्या डावीकडे, आणि प्रत्येक बाटलीला त्यांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी. वीज गेली तरी हात घातला की हवी तीच बाटली हाती यायची. अशा माणसाने आपल्याच गाडीत सोलांच्या पिशवीवर नारळ आणि नारळावर पाटा बघत जगायचं, हा खरं तर छळ होता. त्यांनी वही काढली, पट्टी काढली आणि निष्कर्ष लिहिला: सामान जास्त नाही, मांडणी नाही. मागची शेवटची सीट काढायची, तिथे बारा खणांचं एक पेटीवजा कपाट बसवायचं, आळीचं झाडून सगळं सामान त्यात, आणि मधली सीट क्रांतीला झोपायला पूर्ण मोकळी.

तुळशीबाईंनी आराखडा पाहिला आणि विचारलं, शेवटची सीट काढल्यावर माणसं कुठे बसायची. बाबाजी म्हणाले, माणसं मोजकीच आहेत. त्यावर तुळशीबाई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या की बाबाजी ती संमती समजतात. पस्तीस वर्षांच्या संसारात ही एकच चूक त्यांनी न चुकता केली आहे.

सीट काढायला समोरचा विठोबा आला. अठ्ठावीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेला माणूस, गाडी या विषयावर त्याला विचारावं लागत नाही. त्याचं मत असं की गाडीच्या मागे वजन जितकं जास्त तितकी ती रस्ता धरते, त्यामुळे पेटी करायचीच तर भक्कम कर, लाजू नको. चार नट काढायला दोन दिवस लागले. तिसरा नट निघेना म्हणून विठोबाने त्यावर रॉकेल ओतलं, मग हातोडी मारली, मग त्या कंपनीच्या इंजिनियरांची आई काढली, आणि त्यानंतर तो निघाला. सीट ओट्यावर ठेवली. संध्याकाळपर्यंत शेजारच्या रंगूकाकी तिच्यावर पाय वर घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. आळीतली सगळ्यात आरामशीर जागा आता मांदाडकरांच्या ओट्यावर होती, आणि तिच्यावर मांदाडकर सोडून सगळे बसत होते.

इथेच बाबाजींना कायद्याची आठवण झाली. सरळ माणसाला ती नेमकी नको तेव्हाच होते. कागदोपत्री गाडी सात आसनी आणि प्रत्यक्षात पाच आसनी, हे काही त्यांच्या मनाला पटेना. दुसऱ्या दिवशी ते परिवहन कचेरीत तीन पानी अर्ज घेऊन हजर झाले. अर्जाला दोन आकृत्या होत्या आणि अनुक्रमणिका होती. खिडकीवरच्या बाईंनी तो शांतपणे वाचला, अनुक्रमणिका दोनदा वाचली, आणि विचारलं की ही पेटी गाडीला पक्की बसवणार की नुसती ठेवणार. बाबाजी म्हणाले, दोन्हीत फरक काय. बाई म्हणाल्या, पक्की बसवलीत तर तो गाडीतला बदल झाला, त्याची परवानगी वेगळी, गाडी तपासणीला आणावी लागेल. नुसती ठेवलीत तर ते तुमचं सामान. पण मग काढलेल्या सीटचं काय, बाबाजींनी विचारलं. बाईंनी विचारलं, कुठे आहे ती. बाबाजी म्हणाले, ओट्यावर. बाई म्हणाल्या, मग ती आधी गाडीत बसवा, गाडी घेऊन या, आणि इथून परवानगी मिळाली की काढा. त्यांचं काही चुकत नव्हतं, हेच बाबाजींना जास्त झोंबलं. ते घरी आले आणि त्यांनी ठरवलं की पेटीला एकही स्क्रू मारायचा नाही, नुसती दोरीने बांधायची. म्हणजे ते सामान. सीटबद्दल त्यांनी मनाला असं समजावलं की ती धुवायला काढली आहे.

माणगावात स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या करून देणारा एक जण आहे. त्याने आराखडा बघून पहिला प्रश्न केला तो चिमणी कुठे येणार हा. बाबाजी तिथून उठले. मग ज्या गृहस्थांकडून गाडी घेतली होती त्यांनी आपल्या चुलतभावाचं नाव सुचवलं, मोहम्मदभाई. मुरुडला खाडीच्या कडेला मांडव घालून होड्या बांधतात. बाबाजी म्हणाले, अहो, मला होडी नको आहे. पण गेले, आणि तिथे मोहम्मदभाईंनी त्यांना जे ऐकवलं ते कुठल्याही शास्त्रप्रेमी माणसाला पटावं असंच होतं.

"मास्तर, घरातलं कपाट जागेवर उभं असतं, त्याला काय अक्कल लागते? हलत्या वस्तूत माल ठेवायचा, तर ते काम आमचं. बापापासून दर्यात माल ठेवत आलोय. आजतागायत एक टोपली सांडली नाय."

बाबाजी जिंकले गेले. त्यांनी आराखडा दिला, सोबत स्टीलची टेप दिली. मोहम्मदभाईंनी टेप आदराने घेऊन बाजूला ठेवली आणि सुतळीला गाठी मारत गाडीच्या पोटाचं माप काढलं. गाडी लेकीला आणायला जाणार आहे असं बाबाजींच्या तोंडून निघून गेलं, तेव्हा मोहम्मदभाईंचा चेहराच बदलला. म्हणाले, मास्तर, मग तर काळजीच सोडा.

पंधरा दिवसांनी बाबाजी पेटी बघायला गेले आणि बघतच राहिले. जन्मात सरळ रेषेत काही न बनवलेल्या माणसाने ती बनवली होती. दोन्ही बाजू पोटाकडे गोलावलेल्या, फळ्या मनगटाएवढ्या जाड, सांध्यांत कापूस ठासून भरलेला, म्हणजे गाडी समुद्रात पडली तरी वाल भिजणार नाहीत. बारा खण, बाराही झाकणं वर उघडणारी. आठ माणसांनी हैय्या हैय्या करत ती उचलली आणि आत सरकवली. खोटं कशाला बोला, बसली मात्र अशी की कडेने बोट जाईना. मोहम्मदभाईंनी स्वतः दोर आवळून गाठी मारल्या. त्याच क्षणी गाडीचं मागचं अंग खाली गेलं आणि पुढचं वर आलं. परतताना संध्याकाळी दिवे लावले तर रस्ता काळोखात आणि माडांचे शेंडे लख्ख. समोरून येणारे शिव्या घालत होते. विठोबा म्हणाला होता तसं गाडीने रस्ता धरला होता, फक्त मागच्या दोन चाकांनी.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. थंडी वाजली म्हणून बाबाजींनी काचा वर केल्या, आणि दोन मिनिटांत त्यांना वाटलं की गाडीत कुणीतरी मेलं आहे. त्यांनी गाडी थांबवली, सगळीकडे पाहिलं, पेटीची बारा झाकणं उघडून पाहिली. मग मोहम्मदभाईंना फोन लावला, तेव्हा उलगडा झाला. केवळ मास्तरांच्या लेकीचं काम म्हणून, कुणी न सांगता, त्यांनी लाकडाला आतून बाहेरून माशाचं तेल पाजलं होतं. होडीला पाजतात तसं. आणि दोन नव्हे, चार हात.

"वास?" मोहम्मदभाईंनी विचारलं, आणि त्यांना मनापासून प्रश्न पडला होता. "कसला वास? बरं, येत असला तर उन्हात ठेवा. आठ-दहा महिन्यांत जातो."

क्रांतीला आणायला चार दिवस उरले होते.

पेटी काढून टाका, असं तुळशीबाई पदर नाकाला लावून एकदाच म्हणाल्या. पण ती काढायला आठ माणसं हवीत, आणि बाराव्या खणापर्यंतची माहिती बाबाजींनी आधीच सगळ्या आळीला दिलेली. माघार घ्यायची म्हणजे रोज ओट्यावर रंगूकाकींचं तोंड बघायचं. बाबाजी म्हणाले, वासावर उपाय असतो. आणि आळीला उपाय हा शब्द ऐकू गेला. रंगूकाकींनी लिंबाच्या साली आणल्या. विठोबाने एसटीतला अनुभव म्हणून उदबत्तीचा पुडा लावला. कुणी कापूर दिला, कुणी डांबराच्या गोळ्या, कुणी कॉफीची पूड. बाबाजींचा विश्वास रसायनशास्त्रावर. त्यांनी बाराही खणांत खायचा सोडा पसरला आणि वर व्हिनेगर ओतलं. बाराही झाकणं फेसाने उचलली गेली, फेस मधल्या सीटवर आला, आणि ती पुसायला एक अख्खा दिवस गेला. वास काही गेला नाही, त्याला सोबत मिळाली. आता गाडीत होडी होती, देऊळ होतं, कॉफी होती आणि कपड्यांची जुनी ट्रंक होती. चौथ्या दिवशी बाबाजींनी जाहीर केलं की वास गेला. त्यांचं नाक गेलं होतं.

एवढ्यात चिठ्ठ्याही लागल्या होत्या. एकवर तांदूळ, दोनवर नारळ, तीनवर औषधं, असं आठव्या खणापर्यंत, आणि नऊ ते बारावर बाबाजींनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, रिकामा. ही त्यांची सगळ्यात मोठी चूक. प्रयोगशाळेत रिकामी बाटली कुणी मागत नाही, पण आळीत रिकामा खण म्हणजे निमंत्रण. रंगूकाकी आपल्या कल्याणच्या लेकीसाठी डबे घेऊन आल्या.

"बाबाजी, मला दहावा दे. नवव्याचं झाकण जड हाय."

जणू खोली बघायला आल्या होत्या. बघता बघता चारही गेले, मग तीन नंबरच्या औषधांना बाहेर काढून तिथे कुणाचं तरी सुकट गेलं. बाबाजी चिडले, ओरडले, विषय निघालाच म्हणून त्यांनी आळीला शिस्त या विषयावर चार शब्द सुनावले. आळीने ते ऐकून घेतले आणि झाकणं लावली. आमची गाडी लेकीला आणायला चालली आहे, मालाला नाही, असं तुळशीबाईही म्हणाल्या. त्यावर रंगूकाकींनी त्यांना समजावलं की जाताना गाडीत लेक कुठाय, मग जागा का फुकट घालवायची.

गुरुवारी पहाटे ती दोघं निघाली. तीन ठिकाणी थांबून सामान पोहोचवलं. तिन्ही ठिकाणी चहा, आणि तिन्ही ठिकाणी परतीच्या पिशव्या. रंगूकाकींच्या लेकीने आईसाठी जुना मिक्सर दिला आणि वर एक पितळी समई. डोंबिवलीला पोहोचेपर्यंत बारा खण पुन्हा भरले होते आणि अकरा वाजले होते. सोसायटीच्या वॉचमनने गेट उघडण्याआधी नाक धरलं. बाबाजींना वाटलं, सर्दी असेल.

क्रांती खाली आली. सहा महिन्यांनी दिसत होती पोर. चेहरा भरलेला, चाल जड, आणि आई-बापाला बघून असं हसली की बाबाजींना वाटलं सगळं पावलं. ती गाडीच्या दिशेने चार पावलं आली. पाचवं टाकलं नाही. तोंडावर हात दाबला, तशीच मागे वळली आणि जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. विहीणबाई तिच्या पाठीवर हात फिरवत होत्या. जावई राहुल पाणी आणायला धावला. पोरीचा रंग गेला होता.

थोड्या वेळाने विहीणबाई एकट्याच गाडीपाशी आल्या. त्या ओरडल्या असत्या तर बाबाजींना बरं वाटलं असतं.

"व्याही, मी तीनच गोष्टी सांगितल्या होत्या," त्या म्हणाल्या. "तिला घरीच राहू दे आता. तुम्ही जेवून निघा."

वही, पट्टी, सुतळीच्या गाठी, बारा चिठ्ठ्या, हे सगळं ज्या पोरीसाठी मांडलं तीच जिन्यात उभी राहून ओकाऱ्या काढत होती. आपण गाढव आहोत, असं त्यांना स्वच्छ वाटलं. तुळशीबाई गप्प होत्या, आणि या वेळी मात्र बाबाजींनी ती संमती समजली नाही. क्रांतीला जन्मल्यापासून त्यांनी कधी रडवलं नव्हतं, आणि आता ती कठड्याशी डोळे पुसत होती, वासाने नाही, माहेर हुकलं म्हणून.

ते गाडीत चढले आणि गाठी सोडायला लागले. मोहम्मदभाईंच्या गाठी त्या, वादळात न सुटणाऱ्या. नखं गेली, गाठ हलली नाही. शेवटी विहीणबाईंच्याच स्वयंपाकघरातली सुरी आणून दोर कापले आणि खणांतलं सामान बाहेर काढलं. आठ माणसं डोंबिवलीत मिळणं सोपं नाही. राहुल, वॉचमन, इस्त्रीवाला, पाण्याच्या टँकरवरचे दोघे, वरच्या मजल्यावरचे एक बँकेतले गृहस्थ आणि भाजी घ्यायला आलेला एक अनोळखी माणूस, असे सात झाले, आठवे बाबाजी. कुणालाच हैय्या म्हणता येईना, लाज वाटे, त्यामुळे सात वेळा उचलून सात वेळा खाली ठेवली. आठव्यांदा ती बाहेर आली आणि राहुलच्या पार्किंगमध्ये बसली. लगेच सोसायटीचे सेक्रेटरी उतरले. पार्किंगमध्ये फक्त वाहन ठेवता येतं, ही वस्तू वाहन आहे का, असं त्यांनी विचारलं. बाबाजी म्हणाले, होडीवाल्याने बनवली आहे, तुम्हीच ठरवा. सेक्रेटरींनी अर्ज मागितला. बाबाजींनी इस्त्रीच्या बिलाच्या मागे दोन ओळी खरडून दिल्या, त्यात अनुक्रमणिका नव्हती.

मग गाडी धुतली. पायपुसण्या टाकून दिल्या, सीटा पुसल्या, चारही दारं आणि डिकी उन्हात सताड उघडी ठेवली. बाबाजी दर पंधरा मिनिटांनी जाऊन वास घेत होते, पण त्यांच्या नाकावर आता कुणाचाच विश्वास नव्हता. तीन वाजता क्रांती हळूहळू आली, दारात उभी राहिली, श्वास घेतला.

"बाबा, चालेल आता," ती म्हणाली.

विहीणबाईंनी स्वतः आत डोकं घालून खात्री केली. मग म्हणाल्या की मी पण येते. घर बघते, माणगावची डॉक्टरीण बघते, आणि मला पटलं तरच ती राहील, नाहीतर परत आणते. त्यांना गाडी लागते म्हणून त्या पुढे बसणार. व्याही सकाळपासून दमलेत, त्यांचे डोळे लाल झालेत, तेव्हा गाडी राहुल चालवणार. मधल्या सीटवर क्रांती आडवी, डोकं तुळशीबाईंच्या मांडीवर. झाली गाडी भरली. शेवटची सीट तळ्याला ओट्यावर होती आणि तिच्यावर बहुतेक या क्षणीही रंगूकाकी बसल्या असाव्यात. राहुल चाचरत म्हणाला की बाबा, तुम्ही आज इथेच राहा, उद्या सकाळची एसटी आहे.

बाबाजी हो म्हणणार होते. पण त्यांनी डिकीत पाहिलं. पेटी गेल्यावर तिच्यातलं सगळं आता मोकळं होतं. अठरा पिशव्या, मिक्सर, समई, लोणच्याच्या दोन बरण्या, विहीणबाईंची सुटकेस, आणि हे सगळं क्रांतीच्या डोक्याच्या मागे हातभर अंतरावर. पहिला ब्रेक लागला की समई कुठे जाणार, याला आराखडा काढावा लागत नव्हता.

"मी मागे बसतो," ते म्हणाले.

राहुलने नको म्हटलं, तुळशीबाईंनी तर हातच धरला. पण बाबाजी चढले, सुटकेसला पाठ लावली, मिक्सर दोन गुडघ्यांत धरला, एक बरणी डाव्या काखेत, एक उजव्या, समईवर पाय, आणि बाकीच्या पिशव्यांना हातांनी कवेत घेतलं. वरून डिकीचं दार बंद झालं. सहा हजार लोकवस्तीच्या गावात ज्यांना मास्तर म्हणतात, ते गृहस्थ आपल्याच गाडीत वानवळ्यासारखे भरले गेले.

पनवेल सोडल्यावर ठिकठिकाणी रस्त्याचं काम, वळण, खड्डा, पुन्हा वळण. दर खड्ड्याला अठरा पिशव्या पुढे जायला बघत आणि बाबाजी त्यांना मागे ओढत. नवव्या पिशवीत काहीतरी टोचरं होतं, ते दर वळणाला बरगडीत शिरे. एका ठिकाणी पोलीस दिसले. ज्या माणसाने सीटसाठी तीन पानी अर्ज केला होता, तो डिकीत मिक्सरवर हनुवटी टेकून, डोक्यावर कुणाचा तरी धुतलेला टॉवेल ओढून पिशवी होऊन बसला. पोलिसांनी काचेतून पाहिलं आणि गाडी सोडली. सामान नीट लावलंय, असं एक जण म्हणालाही. त्या शब्दांनी बाबाजींना बरं वाटलं आणि बरं वाटलं याचाच संताप आला. मान आखडली होती, एक पाय कोलाडला बधिर झाला आणि दुसरा इंदापूरला. सीटच्या पलीकडून मात्र क्रांतीचा संथ श्वास ऐकू येत होता. पोर गाढ झोपली होती. तेवढ्यासाठी त्यांनी बरणी बदलून हात मोकळा करायचाही टाळला, उगाच काच वाजेल म्हणून.

तळ्याला गाडी दारात थांबली तेव्हा आळी गोळा झालेलीच होती. सगळे उतरले. क्रांतीला हाताला धरून नेलं. दारात तुळशीबाईंनी तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, आणि पोर उंबरा ओलांडून आत गेली. बाबाजींनी ते मागच्या काचेतून पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी ते टॉवेलवर टेकवले. मग त्यांच्या लक्षात आलं की सगळे आत गेले आहेत आणि डिकी आतून उघडत नाही.

त्यांनी कोपराने काच वाजवली. बऱ्याच वेळाने रंगूकाकी आल्या, दोन्ही हात डोळ्यांच्या बाजूला धरून काचेला चिकटल्या आणि आत बघू लागल्या.

"बाबाजी, आत काय बसलास? सामान उतरव की," त्या म्हणाल्या आणि क्रांतीला बघायला घरात निघून गेल्या.

शेवटी विहीणबाई आल्या, त्यांच्या गोळ्या सुटकेसमध्ये होत्या म्हणून. डिकी कशी उघडायची हे बाबाजींनी त्यांना काचेआडून खुणांनी सांगितलं. दार वर गेलं. विहीणबाईंनी आत पाहिलं. डोंबिवलीत जशा लावल्या होत्या तशाच अठरा पिशव्या, मधे बाबाजी, काखेत दोन बरण्या.

"पाच तास?" त्यांनी विचारलं.

बाबाजींनी मान हलवायचा प्रयत्न केला. ती एकाच बाजूला हलली.

विहीणबाईंनी त्यांच्या काखेतल्या बरण्या एकेक करून काढून घेतल्या आणि खाली ठेवल्या. घरातून क्रांतीचं हसणं ऐकू आलं, कशावरून तरी आईशी भांडतही होती.

"राहू दे तिला इथेच," त्या म्हणाल्या. "डॉक्टरीण उद्या बघू, पण राहू दे. आणि बाळ झालं की सोडायला तुम्हीच या, गाडी चालवायला राहुलला पाठवते. फक्त बसायचं मागेच."

बाबाजींना याला काहीतरी ताठ उत्तर द्यायचं होतं. आपण या गाडीचे मालक आहोत, एवढं तरी. पण दोन्ही पाय कामातून गेले होते आणि उतरायला पुढे आलेला हात विहीणबाईंचाच होता. त्यांनी तो धरला आणि हो म्हणाले.